नाचणीचं माहेर

गडहिंग्लजात नवा पदार्थ खाऊन आलेल्या माणसाला "कसा होता?" असं कुणी विचारत नाही. विचारतात, "कशागत लागतंय?" आपल्यातल्या कशाशी जुळतं ते सांगता आलं, तर पदार्थाला गावात थारा मिळतो. नाही आलं, तर तो संकेश्वरच्या हायवेवरूनच पुढे निघून जातो. चायनीजच्या गाडीवाल्यांनी कढईत इथली मिरची टाकली आणि ते पहिल्या झटक्यात पास झाले. पिझ्झा थोडा रेंगाळला, पण ‘वर लोणी विरघळलेलं थालीपीठ’ या सदरात बसवल्यावर त्यालाही दुकान मिळालं. इडली-डोशाला परीक्षाच नव्हती. कर्नाटकची हद्द इतकी जवळ, की आमच्याकडे अर्धी ऑर्डर मराठीत जाते आणि अर्धी कन्नडमध्ये. सुशी अजून वेशीबाहेर उभी आहे.

मला या पद्धतीत गैर काही वाटत नाही. मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेलं काढायचं याला आम्ही समीकरण म्हणतो. ते जिभेने सोडवलं म्हणून गावठी होत नाही. त्यामुळे मुलाने अमेरिकेत, वॉशिंग्टनला लागून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, "बाबा, आज इथिओपियन जेवायला जाऊ" असं म्हटल्यावर मी निमूट चपला घातल्या. प्रश्न बरोबर होताच.

वॉशिंग्टनच्या आसपास इथिओपियन लोकांची वस्ती मोठी आहे. 1974 साली सम्राट हैले सेलासी यांना लष्कराने पदच्युत केलं, पुढची वर्षं धरपकडीची आणि रक्तपाताची गेली, आणि शिकलेली माणसं मिळेल त्या वाटेने बाहेर पडली. 1980 साली अमेरिकेने निर्वासितांसाठी कायदा केला तेव्हा पुष्कळ जणांना तिथे जागा मिळाली. त्यांनी टॅक्सी चालवल्या, वाहनतळ सांभाळले आणि हॉटेलं काढली. आधी शहराच्या अ‍ॅडम्स मॉर्गन भागात, मग नवव्या रस्त्याकडे, आणि तिथली भाडी वाढली तशी सिल्व्हर स्प्रिंग आणि अलेक्झांड्रियाकडे. वस्तीचा नकाशा दुकानाच्या भाड्यावर ठरतो, हे कोल्हापुरात काय आणि वॉशिंग्टनमध्ये काय, सारखंच.

हॉटेल साधं होतं. फॉर्मायकाची टेबलं, भिंतीवर दगडात कोरलेल्या लालिबेलाच्या चर्चचं कॅलेंडर, कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला होता आणि चार-पाच टॅक्सीवाले पंचाचा उद्धार करत होते. भाषा कळत नव्हती, पण सूर ओळखीचा होता. दिवाळीत आमच्या मैदानावर स्पर्धा असते तेव्हा पंचाच्या वाट्याला तोच सूर येतो. फुटबॉलवेड्या गावातल्या माणसाला अशा ठिकाणी परकं वाटायला फार कष्ट घ्यावे लागतात.

मेनूकार्डावरच्या कच्च्या मांसाच्या पदार्थाची ओळ आम्ही वाचली आणि आदराने पुढे गेलो. हिने शाकाहारी काय आहे ते विचारलं. मालकीणबाईंचा चेहरा उजळला. वार बुधवार होता. बुधवार आणि शुक्रवार हे त्यांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे उपासाचे वार. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी, तूप, सगळं वर्ज्य. ईस्टरच्या आधीचे 55 दिवस सलग उपास, शिवाय आणखी बरेच. साऱ्यांची बेरीज वर्षाच्या निम्म्याच्या आसपास जाते. त्यामुळे शाकाहारी ताट ही तिथे कुणा नाजूक गिऱ्हाइकासाठी केलेली तडजोड नाही, ते बाराशे-पंधराशे वर्षांच्या सरावातून आलेलं जेवण आहे.

हिला हे फार पटलं आणि लगेच पटेनासंही झालं. "उपासाला डाळ चालते आणि दूध-तूप चालत नाही? मग उपास कसला?" मी म्हटलं, आपला उपास साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि मिरचीवर चालतो. साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला, बटाटा दक्षिण अमेरिकेतला, शेंग तिथलीच आणि मिरचीही त्या बाजूची. कोलंबसाच्या आधी आपली एकादशी कशी व्हायची हे मला कुणीतरी सांगावं. ही म्हणाली, "वरी होती." या उत्तरापुढे गणित थांबलं.

मग ताट आलं. ताट म्हणजे एकच, गाडीच्या चाकाएवढं, आणि आम्ही पाच जण. त्यावर इंजेरा पसरलेली आणि तिच्यावर ठिकठिकाणी भाज्या-डाळींचे ढीग. बाजूला आणखी इंजेरा, घड्या घालून. टेफ नावाच्या धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं आणि मोठ्या मातीच्या तव्यावर एकाच बाजूने भाजायचं. वरच्या बाजूला जाळी पडते. टेफचा दाणा इतका बारीक, की गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात त्याचे शंभरावर दाणे बसतात. राजगिरासुद्धा त्यापुढे धिप्पाड.

आता अडचण इंजेराची नव्हती, ताटाची होती. आमच्या घरात उष्टं आणि खरकटं यांची दोन स्वतंत्र कलमं होती. भाताच्या भांड्याला लागलेला हात तसाच ताकाच्या भांड्याला लागला तर आई शंभर पावलांवरून ओळखायची. पाणी वरून प्यायचं, डाव वरून वाढायचा, ताट ज्याचं त्याचं. अशा घरात चाळीस वर्षं काढलेली बाई पाच जणांच्या एका ताटापुढे बसली होती. तिने एक क्षण विचार केला आणि सीमाप्रश्नाच्या मुलखातल्या माणसाला जे सुचावं तेच तिला सुचलं. तिने इंजेरावर बोटाने हद्द आखली. "ही बाजू माझी, ती तुमची. पोरांनी आपापल्या पुढ्यातलं खायचं." वाद फक्त मध्यभागी असलेल्या मसुरीच्या डाळीचा राहिला, कारण ती सगळ्यांनाच आवडली. महाजन आयोग नेमायची वेळ आली नाही. दहा मिनिटांत दोन्ही बाजूंनी घुसखोरी इतकी झाली, की हद्द कुठे होती हेच कुणाला आठवेना.

हात मात्र आमचे तयार होते. शेजारच्या टेबलावरचं अमेरिकन जोडपं इंजेराच्या तुकड्यात भाजी पकडायची खटपट करत होतं आणि भाजी त्यांच्या मांडीवर उतरत होती. आमच्या नातीला घरी काट्याची सवय, पण आजीने एकदा दाखवल्यावर तिनेही भराभर उचललं. उजव्या हाताने तोडायचं, पकडायचं, तोंडात. आमच्या सगळ्या शिक्षणापैकी परदेशात जसंच्या तसं उपयोगी पडलेलं हे एकच.

हिने एका ढिगाला तुकडा लावला, तोंडात घातला आणि चावायची थांबली. मला वाटलं, खडा लागला. "अहो," ती म्हणाली, "पिठलं आहे."

होतंच. हरभऱ्याचं नाहीतर वाटाण्याचं भाजून दळलेलं पीठ, कांदा, लसूण, लाल तिखट, वर रटरट शिजवलेलं. शिरो म्हणतात. गरिबाच्या घरी रोज, श्रीमंताच्या घरी उपासाला, पाहुणा अचानक आला तर हमखास. हे सगळं मालकीणबाईंनी सांगायच्या आधीच आम्हाला माहीत होतं. यापुढे परीक्षा सोपी गेली. पिवळी डाळ हळदीची. कोबी-बटाटा-गाजर आमच्या लग्नातल्या भाजीच्या चुलत घराण्यातलं. काल उरलेली इंजेरा तुकडे करून रश्श्यात परतली, की सकाळची न्याहारी होते. त्याला फिरफिर म्हणतात, आणि फोडणीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. सगळं खाऊन झाल्यावर तळाची, सगळे रस प्यालेली इंजेरा उरली. हीच खरी चव, असं तिथली माणसं मानतात. शेवटी ताटात काहीच उरलं नाही. हिने खालच्या थाळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताटच खाल्लं म्हणजे घासायचं काय राहिलं?" इथिओपियन संस्कृतीवर याहून मोठा अभिप्राय मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही.

तिखटाचं नाव बर्बरे. उन्हात वाळवलेल्या मिरच्या, लसूण, आलं, मेथी, ओवा, कलौंजी, त्यांच्याकडचा मोठा वेलदोडा आणि आणखी बरंच. घरोघर वर्षाचं एकदम करून ठेवतात, आणि एका घरचं दुसऱ्या घराला आवडत नाही. हे ऐकून हिने विचारलं, "तुम्ही इथे विकतचं वापरता?" बाई दुखावल्या. त्यांची बहीण अदिस अबाबाहून येते तेव्हा बॅग भरून आणते. हिने आपली बॅग आठवून मान हलवली. आमच्या बॅगेतही मार्केट यार्डातली जवारी संकेश्वरी मिरची कांडपावर कुटून केलेली चटणी होती, तीन पिशव्यांत गुंडाळलेली, तरी विमानात वास मारणारी. मिरची मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांच्या काळात जगभर गेली. म्हणजे दोन कुटुंबं आपापल्या देशातून अमेरिकेची वस्तू अमेरिकेला परत आणत होती आणि विमानतळावर घाबरत होती.

मालक काउंटरवरून उठून आले. वय सत्तरीपुढचं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही शिक्षक का?" मी चकित. माझ्या कपाळावर काही लिहिलेलं नाही. पण त्या पिढीच्या इथिओपियन माणसाला वय झालेला भारतीय दिसला, की तो शिक्षकच असणार असं वाटतं. हैले सेलासींच्या काळात भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले होते, विशेषतः केरळातून. लहान लहान गावांतल्या शाळांत गणित आणि विज्ञान शिकवायचे. मालकांना बीजगणित अशाच एका भारतीय सरांनी शिकवलेलं. मी गणिताचाच शिक्षक म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ‘अ अधिक ब’चा वर्ग न चुकता म्हणून दाखवला. गडहिंग्लजात माझे जुने विद्यार्थी भेटतात, नमस्कार करतात, चहाचे पैसे देतात; वर्ग अजून कुणी म्हणून दाखवला नाही.

मग कॉफी. कॉफीचं झाड मूळचं त्यांच्याच डोंगरातलं. येमेनमधून बाबा बुदान यांनी चोरून बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आपल्याकडची आख्यायिका. पण आपण नेलं झाड. सावकाशपणा तिथेच राहिला. हिरव्या बिया समोर भाजतात, धूर सगळ्यांच्या नाकाजवळून फिरवतात, कुटतात, जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळतात, जवळ ऊद जळत असतो, आणि बरोबर खायला मक्याच्या लाह्या. एकाच पुडीवर तीनदा पाणी. तीन फेऱ्या झाल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही. ‘चहा मारून येतो’ म्हणून उठणाऱ्या आमच्या गावात हे एका सामन्याच्या मध्यंतरात बसायचं नाही.

निघताना बाईंनी इंजेराच्या तुकड्यात शिरो गुंडाळून सरळ हिच्या तोंडासमोर धरला. याला गुर्शा म्हणतात. आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवायचा. घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त. आणि नाही म्हणायचं नाही. ही क्षणभर भांबावली. आमच्यात नवरा-बायको एकमेकांना घास भरवतात तो लग्नाच्या पंक्तीत, उखाणा घेऊन, आणि व्हिडिओवाल्याचं समाधान झालं नाही तर दुसऱ्यांदा. त्यानंतर थेट साठीच्या शांतीला. मधली पस्तीस वर्षं ज्याचा हात त्याचं तोंड. हिने तोंड उघडलं. घास मोठा होता.

इथवर मी गावी सांगायला उत्तर तयार ठेवलं होतं: आपल्यागतच की. पण पुढच्या आठवड्यात एका दुकानात घोळ झाला. पाखरांच्या खाद्याच्या रांगेत ही थबकली आणि पिशवी दाबून दाबून बघायला लागली. "अहो, कारळं!" काळी, चकचकीत, निमुळती. कारळंच. गोल्डफिंच नावाच्या पिवळ्या पाखरांना ती फार आवडतात, म्हणून अमेरिकन माणूस अंगणात पिशवी टांगतो. पिशवीवर देशांची नावं होती, इथिओपिया आणि भारत. त्यात अमरवेलीसारख्या तणाचं बी आलं तर उगवू नये म्हणून आत येणारी कारळी तापवून घेतात. "म्हणजे भाजलेली," ही म्हणाली. "नुसतं लसूण-मीठ घालायचं राहिलंय." मुलाने तिला घाईघाईने पुढे नेलं.

कारळ्याचं शास्त्रीय नाव गिझोशिया अ‍ॅबिसिनिका. अ‍ॅबिसिनिया म्हणजे इथिओपिया. हे पीक तिथल्या डोंगरात माणसाळलं, तिथे आजही त्याचं तेल रोजच्या जेवणात आहे, आणि फार जुन्या काळी ते समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं. म्हणजे आमच्या भाकरीवरची, आम्ही अस्सल गावरान म्हणून पाहुण्याला बांधून देतो ती कारळ्याची चटणी. बरं, भाकरी तरी आपली? गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी, जिची आंबील पिऊन इथली माणसं उन्हात नांगर धरायची, ती पूर्व आफ्रिकेच्या, इथिओपिया-युगांडाच्या उंच मुलखातली. काही हजार वर्षांपूर्वी इथे आली. ज्वारीसुद्धा आफ्रिकेचीच, सुदानच्या बाजूची. या दोघी-तिघी इतक्या जुन्या सुना आहेत, की घरात सगळे त्यांनाच सासू समजतात. माहेर कुणी विचारतच नाही.

निकोलाय वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ते माहेर शोधलं. कुठल्या पिकाचं मूळ कुठलं हे हुडकत तो 1926-27 साली इथिओपियाच्या डोंगरांत हिंडला, आणि जगातल्या पिकांच्या मूळस्थानांच्या यादीत त्याने त्या देशाचं नाव घातलं. जगाला पोटभर अन्न मिळावं म्हणून बियाणी गोळा करणारा हा माणूस 1943 साली स्टालिनच्या तुरुंगात उपाशी मेला. हे वाचल्यापासून आंबील पिताना माझा पहिला घोट जरा जड जातो.

पिकांसारखी माणसंही त्याच वाटेने इकडे आली, काही स्वखुशीने, बरीच विकली जाऊन. मलिक अंबर त्यातलाच. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेलं हे पोर गुलाम म्हणून बाजारातून बाजारात फिरत अहमदनगरच्या निजामशाहीत पोचलं, तिचा कारभारी झालं, मोगलांना वर्षानुवर्षं अडवून बसलं. 1610 साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. शहाजीराजे 1624 साली भातवडीला त्याच्या बाजूने लढले. त्याच्या जमीन-महसुलाबद्दल इतिहासकार भरभरून लिहितात. मला प्रश्न पडतो तो वेगळा. दख्खनमध्ये पहिल्यांदा त्याच्यापुढे भाकरी आली, तेव्हा त्याने मनात काय म्हटलं असेल? बहुतेक, कशागत लागतंय, हेच.

टेफवरून एक भांडणही झालं. एका डच कंपनीने टेफच्या पिठावर युरोपात पेटंट घेतलं होतं. इथिओपियाचं रोजचं पीठ, आणि मालकी दुसऱ्याची. 2018 साली हेगच्या न्यायालयाने ते नेदरलँड्सपुरतं रद्द ठरवलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने हळदीचं अमेरिकन पेटंट 1997 साली रद्द झालं ते आपल्याला ठाऊक आहे. तिकडच्या लोकांचा राग मला त्यामुळे समजावून घ्यावा लागला नाही.

गावी परतल्यावर हिने नाचणीत थोडा तांदूळ मिसळून पीठ आंबवलं आणि बिडाच्या तव्यावर एकाच बाजूने भाजलं. जाळी पडली, रंगही तोच तपकिरी. शेजारच्या काकू बघायला आल्या, तुकडा मोडला आणि निकाल दिला, "आंबोळीच की गं ही." हिने वाद घातला नाही. कट्ट्यावर मी सगळी हकिगत सांगितली. एकाने विचारलं, "मग सर, ते आपल्यागत, का आपण त्यांच्यागत?" मी नाचणीचा हिशेब मांडला. दुसरा म्हणाला, "म्हणजे आपणच तिकडचे. उगाच मुंबईला जाऊन वडापाव खातोय." तिसऱ्याने हॉटेल काढायचा विषय काढला. नाचणी इथली, कारळं इथलं, मिरची तर देशभर जाते इथून, मसूर-हरभरा यार्डात पडलेला. फक्त टेफ नाही. माणसं पाच आणि ताट एक म्हटल्यावर मात्र बैठक थंडावली. रस्सा वाटून खायला आमची ना नाही, पण मटणाचे पीस कुणाच्या हद्दीत किती, यावरून पहिल्याच रविवारी पोलीस बोलवावे लागतील, असं सर्वांचं मत पडलं.

तेव्हा तूर्त वॉशिंग्टनलाच जावं लागेल. तुमचा मुलगा-मुलगी त्या बाजूला असेल तर जरूर जा. शाकाहारी असाल तर बुधवार-शुक्रवार बघून जा, देवाधर्माची गिऱ्हाइकंही त्या दिवशी तेच ताट घेतात. हात धुऊन बसा, भात मागू नका, कॉफीला तासभर वेळ ठेवा. आणि समोरच्याने घास पुढे केला तर तोंड उघडा. नको म्हणणं तिकडे चालत नाही.